फोर्डचा अ‍ॅक्सल, शेव्हरोलेची केबिन आणि अण्णांचं डिव्हायडिंग हेड

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी इंजिनियरांच्या दोन जाती. ऑफिस सुटल्यावर गाडीचं नावही नको म्हणणारे आणि आम्ही. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, जुन्या आणि सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक. तिथे फुटपाथवर खुर्ची टाकून लोकांच्या गाड्या बघण्यात बरीच वर्षं गेली. आता वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडून स्वतःची करायची.

गराजमध्ये सध्या १९५१ च्या शेव्हरोले ३१०० पिकअपची केबिन, बॉनेट आणि मडगार्ड आहेत. माल अ‍ॅरिझोनाचा, कोरड्या हवेतला. इथला घेण्यात अर्थ नव्हता. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं (डेट्रॉइटच्या तर पोटातच मिठाची खाण आहे), आणि सत्तर वर्षांचा पत्रा त्यात कुठला टिकायला!

खाली शेव्हरोलेच्याच एस-१० या छोट्या पिकअपची चेसी घालणार. लाँग बेडवाल्या एस-१० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११७.९ इंच, ३१०० चा ११६. फरक दोन इंचांचाही नाही, म्हणून हा जोड इथे इतका चालतो. डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग चेसीबरोबर आयतंच येतं. केबिनचे माउंट मात्र सगळे नव्याने बनवायचे.

इंजिन शेव्हरोलेच्या मोठ्या पिकअपचं, सिल्व्हराडोचं, ५.३ लिटर व्ही-८. त्यातही २००२ पर्यंतचंच बघतोय, कारण त्याला अ‍ॅक्सिलरेटरची साधी केबल असते. मूळचं २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं ‘स्टोव्हबोल्ट’ लांबलचक होतं, त्यामुळे बॉनेटखाली जागाच जागा. शिवाय ५.३ ला डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) नाही, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल. शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चा डिस्ट्रिब्युटर मागे असतो आणि फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) जाऊन भिडतो, ती कटकट वाचली. उलट खालच्या बाजूला ट्रकचं ऑइल पॅन इतकं खोल की एस-१० च्या क्रॉस मेंबरशी (चेसीतल्या आडव्या दांड्याशी) झगडतं. ते बदलावं लागणार.

आता खरा विषय. एस-१० चा मागचा अ‍ॅक्सल साडेसात इंची क्राउनचा (आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा), व्ही-८ पुढे त्याचं काही खरं नाही. जुन्या गाड्यांच्या यार्डात स्वस्तात मिळतो तो फोर्ड एक्स्प्लोररचा ८.८ इंचाचा. १९९५ ते २००१ च्यांना डिस्क ब्रेकही आहेत. रुंदी साडेएकोणसाठ इंच, ३१०० च्या मडगार्डखाली बरी बसते. अडचण एवढीच की फोर्डच्या पाच बोल्टांचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३ मिलिमीटर आणि पुढे शेव्हरोलेचा १२०.६५. म्हणजे पुढची चाकं मागे बसणार नाहीत, आणि स्टेपनी नेमकी कुठली ठेवायची?

अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण त्यांनी चाक बाहेर सरकतं. म्हणून फ्लँजला, म्हणजे चाक जिथे बोल्टने बसतं त्या चकतीला, नवी भोकं मारायची ठरवली. कोल्हापूरला अण्णांना व्हिडिओ कॉल केला. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. म्हणालो, त्रिज्येत तीन मिलिमीटरचाच फरक पडतोय, भोकं एकमेकांत घुसतील.

“अरे लेका, जुन्याच्या शेजारी कशाला मारतोस? दोन भोकांच्या मधी मार की. छत्तीस अंश फिरव.”

“आणि फ्लँजला एक मोठं भोक आधीच आहे, ते आड आलं तर?”

“मग आधी कागदावर काढ. ड्रिल कुठं पळून चाललंय?”

कागदावर काढलं. डिव्हायडिंग हेड (नेमक्या अंशांनी फिरवून भोकं मारायचं साधन) असलेलं मशीन शॉपही गावात सापडलं, ब्रेकचे रोटर आणि चाकांचे हाफ शाफ्ट दोन्ही एकाच सेटिंगमध्ये करून देणार आहेत. असं हे सगळं बघता पार्ट स्वस्त पडतात, पैसे खातात ते जोड. शेव्हरोलेचा गिअरबॉक्स आणि फोर्डचा अ‍ॅक्सल म्हणजे मधल्या शाफ्टचा क्रॉससुद्धा (युनिव्हर्सल जॉइंट) दुजातीचा लागतो, दोन बाजूंना दोन मापांचा. म्हणून माझ्या वहीत पार्टची यादी मागच्या पानावर आहे. पुढच्या पानांवर फक्त सांधे आहेत: कशाला काय लागतं आणि मध्ये कोण बसणार.

स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका अ‍ॅक्सलवर आधी नुसत्या टाचून ठेवायच्या. पूर्ण वजन चाकांवर आल्यावर पिनियनचा (शाफ्ट जिथे आत शिरतो त्या गिअरचा) कोन मोजायचा, तो गिअरबॉक्सच्या कोनाशी जुळला की मगच पक्का वेल्ड. मागच्या गिअरचा ३.७३ चा रेशो, ४एल६०ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा शेवटचा गिअर ०.७० आणि २८ इंची टायर धरला तर ताशी ७० मैलांना इंजिन २२०० च्या आसपास फिरेल. मूळच्या ४.११ वर, शेवटचा गिअर सरळ एकास एक असताना, तेच साडेतीन हजाराकडे गेलं असतं.

पेट्रोलची मूळ टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच! ती काढणार, यावर घरात पूर्ण एकमत आहे. टाकी मागे चेसीत जाईल, आणि ५८ पीएसआयचा दाब सांभाळायला १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर, रेग्युलेटर त्यातच असतो. ट्रकमध्ये कॉर्व्हेट आहे असं सांगायलाही बरं.

आपल्याकडे हे सगळं आरटीओसमोर नेलं असतं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्यावर बंदी) दाखवून गाडी तिथेच ठेवून घेतली असती. इथे करता येतं, पण कागद चोख लागतात. केबिनच्या दाराच्या खांबावर १९५१ चा नंबर, चेसीवर एस-१० चा. त्यामुळे दोन्हींची टायटलं (मालकीचे कागद) आणि इंजिनापासून अ‍ॅक्सलपर्यंत प्रत्येक पावती एका फायलीत लावतोय. चाकं मात्र अजून घेतलेली नाहीत. दोन्ही अ‍ॅक्सल जागेवर बसून मडगार्ड लागले की आतली-बाहेरची जागा मोजायची आणि मगच चाकाचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसेल ते माप) सांगायचा. शनिवारी टेप घेऊन यार्डात जातोय, एक्स्प्लोरर बघायला.