बांधापलीकडचं पाणी

शनिवार, रात्री

माणसाला पुरे का वाटत नाही, हा प्रश्न मला पुण्यात फारसा पडत नाही. गावी आलो की पडतो. शहरात कोण किती घेतंय ते भिंतीआड असतं. इथे लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते उघड्या रानात दिसतं आणि रात्रभर ऐकूही येतं. काल रात्रभर बांधापलीकडच्या रानात बोअरची गाडी चालू होती. सकाळी तात्या तिकडे चक्कर मारून आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "साडेसातशे फूट गेला, तरी धुरळाच." मग जरा थांबून म्हणाले, "आपणबी यंदा एक घ्यावा म्हणतो."

तात्यांकडे विहीर आहे आणि दोन बोअर आहेत. मुलगा नोकरीला, मुलगी तिच्या घरी. घरात खाणारी दोघंच. माझा हा चुलता लोभी म्हणून गावात कुणाला ठाऊक नाही. कुणाच्या बांधाची वीतभर माती त्यांनी कधी ओढली नाही, दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय गेला नाही. म्हणूनच दिवसभर डोक्यात तेच घोळत राहिलं. असा माणूस आणखी का मागतो?

विचारलं तर ते सरळ म्हणाले, "आपण नाही घेतला तर तो घेतोय की. पाणी काय बांध बघून चालतंय व्हय?"

हे खोटं नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमीन ज्याची, त्याला तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क. वर सातबारा वेगवेगळे, खाली पाणी एकच. जो आधी उपसेल, जो जास्त खोल जाईल, त्याचं. जो जपून वापरेल, त्याचं वाचलेलं पाणी शेजाऱ्याच्या मोटारीतून बाहेर येतं. अशा व्यवस्थेत संयम पाळणारा माणूस घरच्यांच्या नजरेत खुळा ठरतो.

आणि खाली साठा तरी किती? आपला दख्खनचा खडक नदीकाठच्या गाळासारखा नाही. वरचा मुरूम, कुजलेला खडक, मांजऱ्याचा, म्हणजे छिद्राछिद्रांच्या खडकाचा थर आणि पाषाणातल्या भेगा, एवढ्यातच काय ते पाणी मुरतं. त्याखाली अखंड काळा पाषाण, त्यात एखादी फट सापडली तर नशीब. खोल गेलं की पाणी लागतंच, ही समजूत इथल्या जमिनीला लागू नाही. पुष्कळदा खोल बोअर नवं पाणी देत नाही, आसपासच्या विहिरींचं वरचं पाणीच खाली ओढतो. विहीर आटली की विहीरवाला बोअर घेतो आणि त्याच्या बोअरने पुढची विहीर आटते. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. 60 मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. काल रात्रीचा आकडा साडेसातशे.

लग्नाच्या पंगतीत मी हे अनेकदा पाहिलंय. वाढपी पुन्हा पुन्हा फिरतोय, जिलेबी भरपूर आहे, असं दिसलं की लोक एक घेतात आणि हात आडवा करतात. संपत आली अशी कुजबुज झाली की तीच माणसं एकदम चार मागून घेतात, आणि त्यातल्या दोन पानात टाकून उठतात. भूक दोन्ही वेळेला तेवढीच असते.

हाव म्हणजे मोठी भूक, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला आता वाटतं की बरीचशी हाव ही भीती असते. उद्या नसेल ही भीती, आणि आपण मागे राहू ही दुसरी. पण एवढ्यावर सगळं सुटत नाही, कारण तात्यांच्या दोन बोअरचं काय झालं ते मी जवळून पाहिलंय.

पहिला बोअर गरजेचा होता. विहीर उन्हाळ्यात तळ गाठायची, जनावरांना पाणी नसायचं. पाणी लागलं, दोन इंचांची धार. घरात पेढे वाटले. पण बोअर, केसिंग, मोटार, केबल सगळं उधारीवर आणि सोसायटीच्या कर्जावर झालं होतं. ते फेडायला सोयाबीन-हरभऱ्याचा भरवसा कुणी धरावा? सोयाबीनचा भाव काढणीला पडतो, काढणीच्याच वेळी पाऊस येतो. उसाला मात्र कायद्याने ठरलेला किमान भाव, एफआरपी, आहे, गारपीट झाली तरी पीक पूर्ण जात नाही, कारखान्याची गाडी बांधावर येते. म्हणून ऊस लावला. उसाला पाणी पुरेना, म्हणून दुसरा बोअर. पहिला गरजेचा, दुसरा पहिल्याच्या कर्जाचा. आता तिसऱ्याचं कारण विचारलं की तात्या खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाचं, नाव घेतात. खोडवा वाळतोय, आणि तो वाळू द्यायचा तर आधीचा सगळा खर्च पाण्यात गेल्यासारखं त्यांना वाटतं.

म्हणजे आणखी हवं असण्यात चैनीचा भाग फार थोडा निघाला. मिळवलेलं टिकवण्यासाठीच आणखी लागायला लागलं. शहरात माझ्या ओळखीची माणसं मोठ्या घराचा हप्ता भरण्यासाठी मोठी नोकरी शोधतात, त्यांचंही मूळ इथेच आहे असं मला वाटतं. पण तो विषय वेगळा, आज पाण्याचंच लिहितो.

उसाचा हिशेब तर उघडा आहे. लातूरला वर्षाला साधारण 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. उसाला त्याच्या पूर्ण वाढीसाठी 2000 मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. आकाशातून आलेल्याच्या दुपटीहून जास्त पिणारं पीक लावायचं, तर वरचं पाणी कुणाच्या तरी वाट्याचं असणार. दुसऱ्या शेतकऱ्याच्या, नाहीतर गावातल्या हंड्याच्या, नाहीतर पुढच्या वर्षाच्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडं पडलेलं. ते साल इथल्या कुणालाही विचारा, आठवणींनी माणूस हळवा होतो. आणि पुढे पाऊस बरा झाला तसा ऊस परत लागला. आमच्याही रानात.

आठवण पुरेशी नसते, हे मला त्यातून कळलं. उलट आटल्याची आठवण माणसाला अधिकच घाबरवते आणि तो अधिकच खोल जातो.

मग कुठे थांबतात माणसं? थांबलेली आहेत, आणि तीही आपल्याच राज्यात. 1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्याचे उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावात त्यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. त्यांचा नियम मला आजही थक्क करतो: पाणी जमिनीच्या हिशेबाने द्यायचं नाही, माणसांच्या हिशेबाने द्यायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ऊस नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. पुरे म्हणजे किती, हे तिथे लिहून ठेवलं होतं, आणि सगळ्यांना तेच लागू होतं.

नगर जिल्ह्यातलं हिवरेबाजारही तसंच. आमच्यापेक्षा कितीतरी कमी पावसाचं गाव. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात गावाने पाणलोटाची कामं केली, ती सगळ्यांना माहीत आहेत. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती दरवर्षीच्या पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस किती पडला, किती मुरला, पिण्याला किती ठेवायचं, उरलेल्यात कोणती पिकं बसतात, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. तिथली माणसं आमच्यापेक्षा जन्मतः साधी असतील असं मी मानत नाही. शेजारी किती घेतोय हे त्यांना माहीत असतं, एवढा फरक नक्की आहे. 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पीएचडीसाठी अभ्यास केला होता तो लॉस एंजेलिसजवळच्या अशाच उपसल्या गेलेल्या भूजलाचा. तिथेही उपसा करणारे एकत्र बसले आणि त्यांनी एकमेकांचा वाटा ठरवून घेतला.

संध्याकाळी हे सगळं तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ऊस बंद करायला तयार आहेत, सगळ्यांनी केला तर. नवा बोअर नको यालाही तयार आहेत, त्याच अटीवर. माणशी पाणी, इथवरही त्यांनी मान डोलावली. अडले ते भूमिहीनांच्या वाट्याशी.

"ज्याला रान नाही, त्याला पाणी कशाला?"

मी म्हटलं, तो ते दुसऱ्याच्या रानात बटईने वापरेल, किंवा ज्याला हवं त्याला देईल. पाऊस काय सातबारा बघून पडतो? तात्यांना ते पटलं नाही. "जमीन आमची, खालचं पाणी आमचं. ते आम्ही राखू, पण वाटा कसला?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "रोजगाराला येणाऱ्या बायका टँकरच्या रांगेत आपल्याच बरोबर उभ्या होत्या की." जेवणं होईपर्यंत वाद चालला.

हा भाग मला भीतीने समजावून घेता येत नाही. उद्याच्या काळजीने कुणी जास्त घेतलं तर त्याच्याबद्दल मला राग नाही, आणि तात्यांच्या बाबतीत तर नाहीच. पण कधीच नसलेल्याचा वाटा काढायची वेळ आली की चांगल्या माणसाचंही मन आक्रसतं, आणि तिथे मला वाईट वाटतं. नायगावच्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी ते मान्य केलं, म्हणजे ते अशक्य नाही.

सोमवारी मला परत जायचंय. जाण्याआधी सरपंचांना भेटून एवढंच सुचवणार आहे की गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. तात्यांकडे मागितलं की बोअरवाल्याला इसार देऊ नका. ते म्हणाले, "पाडव्यापर्यंत थांबतो. पण बांधापलीकडच्यानं दुसरी जागा दाखवून घेतली न् तिथं पाणी लागलं, तर माझं काय सांगता येत नाही बघ."