भोंगा वाजला तर कुठल्या बाजूनं पळायचं?

त्या दिवशी सुनावणीला शंभराच्या वर हरकती होत्या आणि बहुतेकांची मागणी एकच: आमचा गट ग्रीन झोनमधून, म्हणजे शेतीच्या पट्ट्यातून काढा, येलो झोनमध्ये, म्हणजे घरं बांधता येतील अशा पट्ट्यात घ्या. मे महिना होता. नगरपरिषदेच्या सभागृहातले पंखे गरम वारा फेकत होते. दुपारपर्यंत मी अर्जावरचा गट नंबर वाचूनच पुढचं वाक्य सांगू शकत होते.

मी नगर रचना खात्यात रचना सहायक आहे. प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली विकास योजनेचं, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची या नकाशाचं प्रारूप प्रसिद्ध झालं की लोकांच्या हरकती मागवतात, मग त्यांना समोर बोलावून ऐकून घेतात. हे गाव जळगाव जिल्ह्यात, आयुध निर्माणीच्या, म्हणजे सैन्यासाठी युद्धसामग्री बनवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीलगत वाढलेलं. भुसावळची निर्माणी १९४९ची, वरणगावची १९६४ची. दोन्हींच्या आसपास अशी गावं, वस्त्या आहेत. या गावाचं नाव देत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्या बाबांचं शेत लगेच ओळखू येईल.

१ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ४१ निर्माण्यांच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. भुसावळ यंत्र इंडियाकडे गेली, वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे. तेव्हापासून ऑर्डरची बातमी पेपरात आली की भिंतीजवळच्या गुंठ्याचा भाव हलतो. भरती होणार, भाडेकरू येणार, खोल्या बांधा. आमच्या कच्च्या नकाशावर मात्र निर्माणीची जागा म्हणजे एक मोठा राखाडी ठिपका होता. आत किती माणसं वाढणार, पाणी किती लागणार, काहीच माहीत नाही. गावाची पुढच्या वीस वर्षांची लोकसंख्या आम्ही जनगणनेच्या आकड्यांवरून मांडली आणि तो ठिपका तसाच सोडून दिला. ही चूक माझ्या टेबलावरची होती.

साडेतीनच्या सुमाराला एक बाबा उभे राहिले. पंच्याहत्तरीचे असतील. धोतर, टोपी, हातात नातवाच्या अक्षरातला एक कागद. अर्जात झोन बदलायची मागणीच नव्हती. लिहिलं होतं, ‘वस्तीला रस्ता द्यावा.’

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या वस्तीला रस्ता आहे की. नकाशात दाखवलाय."

"तो फॅक्टरीच्या गेटाकळे जातो, माय. मले एक सांग. भोंगा वाजला त आमी कोन्या बाजूनं पयाचं?"

माझं माहेर अमळनेरकडचं, घरची बोली अहिराणी. बाबांची लेवा बोली वेगळी, पण हे वाक्य समजायला एक क्षणही लागला नाही. जानेवारीत भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट झाला होता. २४ तारीख, २०२५. छत कोसळून कामगार गेले. त्याआधी २०१६ च्या मे महिन्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं रात्रीतून हलवावी लागली. बाबांनी दोन्ही बातम्या टीव्हीवर पाहिल्या होत्या. आम्हीही पाहिल्या होत्या. पण नकाशा काढताना त्या आमच्या डोक्यात नव्हत्या.

सुनावणी संपल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. वस्तीत साठेक घरं. निम्मी जुनी, निम्मी गुंठेवारीतली पत्र्याची, ठेकेदाराच्या माणसांनी भाड्यानं घेतलेली. गल्लीतून बाहेर यायचं तर एकच वाट, थेट मुख्य गेटाच्या तोंडाशी. पाळी सुटायची वेळ होती. सायकली, मोटरसायकली, बस, त्यातच पाण्याचा टँकर अडकलेला. अग्निशमनची गाडी आत जाताना आणि माणसं बाहेर पडताना इथं काय होईल, ते बघायला नकाशाची गरज नव्हती.

"पयले रस्ता तठी व्हता," बाबांनी भिंतीकडे बोट केलं. "गाडरस्ता. सडकेले लागे."

दुसऱ्या दिवशी भूमी अभिलेख कार्यालयातून संपादनाच्या आधीचा गाव नकाशा मिळवला. गाडरस्त्याची दुहेरी तुटक रेघ होती, वस्तीपासून उत्तरेला, सरळ सडकेपर्यंत. आता तिचा मधला तुकडा भिंतीच्या आत आहे. जमीन संपादन करताना शेताचे पैसे दिले, रस्ता गेला त्याची नोंद कुणी घेतली नाही. बाबांच्या वडिलांचे नऊ एकर त्याच संपादनात गेले होते.

मला तेव्हा अमेरिकेतल्या वॉटरटाऊनचं वाचलेलं आठवलं. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला ते गाव, शेजारी फोर्ट ड्रम ही छावणी. १९८५ साली तिथं सैन्याची दहावी डोंगरी डिव्हिजन पुन्हा उभी राहिली आणि हजारो सैनिक कुटुंबांसह येणार हे आधीच कळलं होतं. तिथं छावणीत मोठं रुग्णालय नाही, शाळाही नाहीत. सैनिकांची मुलं आसपासच्या गावांच्या शाळांत जातात, उपचार गावातल्या दवाखान्यात होतात. त्यामुळे गावाला आणि छावणीला एकत्र बसून घरं, वर्ग, खाटा मोजाव्याच लागल्या. त्याच १९८५ पासून अमेरिकेचं संरक्षण खातं तळ आणि गाव यांचा जमीन वापराचा संयुक्त अभ्यासही करवून घेतं. आपल्या निर्माण्यांच्या वसाहतींची घडण उलटी. शाळा, दवाखाना, बाजार, पाणी सगळं आत. आतल्यांना त्याची सोय झाली, पण गावाशी बोलायचं कारणच उरलं नाही. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

निर्माणीचे एक अधिकारी आमच्या पत्रावरून भेटायला आले. सुरक्षेचं अंतर त्यांना सांगता येत नव्हतं आणि मीही आग्रह धरला नाही. त्यांनी आमच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवला, पेन्सिलनं एक वाकडी रेघ ओढली आणि म्हणाले, "मॅडम, कारण विचारू नका. या रेघेच्या आत शाळा टाकू नका, दाट वस्ती टाकू नका." आमचं प्राथमिक शाळेचं आरक्षण बरोबर त्या रेघेच्या आत होतं. ते आम्ही गावाच्या दुसऱ्या अंगाला हलवलं. येलो झोनच्या अर्जांपैकी रेघेच्या आतले सगळे नामंजूर करायची शिफारस केली. त्या लोकांच्या शिव्या मी ऐकल्या. त्यांचा राग खोटा नव्हता. शेजारच्याचा गुंठा विकला जातो आणि आपला नाही, हे कुणालाही लागतं.

रस्त्यासाठी नाल्याच्या काठानं नवी रेघ आखली. बारा मीटर रुंद, चार शेतांतून, सडकेपर्यंत. बाबांच्या दोन एकरांतून ती नव्वद मीटर जाते, म्हणजे जवळजवळ अकरा गुंठे. मी त्यांना ओट्यावर बसून कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, सूनबाईलाही समजावून सांगायला लावलं. मग म्हणाले, "वाडवडलाचं नऊ एकर न विचारता गेलं. हे तू विचारून घेतेस."

बाकीच्या तिघांपैकी दोघं तयार झाले. तिसऱ्याच्या केळीची बाग मधोमध कापली जात होती. त्याच्यासाठी रेघ नाल्याकडे सहा मीटर सरकवली, आणि तिथं पूल जरा लांबला.

योजना मंजुरीसाठी शासनाकडे गेली आहे. चारही शेतकऱ्यांनी तोवर वाट बघितली नाही. नाल्याकाठची झुडपं काढून त्यांनी जेसीबीनं माती लोटली, आता ट्रॅक्टर जातो. पावसाळ्यात नाला भरला की वाट बंद होते. पूल मंजुरीनंतरच होणार, म्हणून दर सोमवारी मी फाईल कुठल्या टेबलावर आहे ते फोन करून विचारते.