वनविहारातला बिनशेपटीचा विंचू

सोलापुरात पाचोळ्यातला स्यूडोस्कॉर्पिअन, म्हणजे विंचवासारखा दिसणारा पण बिनशेपटीचा बारीक जीव, बघायचा तर परतीचा पाऊस सरल्यावर लगेच जा. आम्ही त्याच सुमारास विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात गेलो, तेही सकाळी लवकर. वरची पानं वाळलेली, खालचा थर अजून ओलसर. आपल्याला हवा तो हाच थर. आधी तिथल्या वनरक्षकांना विचारा. बघून पाचोळा जागच्या जागी ठेवायचा, बाहेर काही न्यायचं नाही.

सोबत धान्याची चाळण आणि पांढरा पंचा घ्या. सोलापुरी चादर कितीही लाडकी असली तरी तिच्या नक्षीत हत्तीसुद्धा हरवेल! मूठभर पाचोळा चाळायचा आणि पंच्याकडे बघत नुसतं थांबायचं. हे थांबणंच लोकांना जमत नाही. स्यूडोस्कॉर्पिअन हादरा बसला की पुढचे चिमटे अंगाशी घेऊन निपचित पडतो, मातीचा कणच वाटतो. थोड्या वेळाने एक तांबूस कण चालू लागला. तिळाएवढा जीव, आठ पाय, पुढे दोन चिमटे पसरलेले. गवताची काडी लावली तर झपकन मागे पळाला! शेपटी नाही, नांगीही नाही म्हणजे डंख नाही. बहुतेक जातींत विष असतं ते पुढच्या चिमट्यांत, आणि तेही माइट (कोळ्याच्या गोतातले बारीक जीव) अन् स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक जीव) यांसारख्या किरकोळ शिकारीपुरतं. माणसाला त्याचा काही त्रास नाही. पंख नसूनही तो लांब जातो, कारण माशीच्या किंवा भुंगेऱ्याच्या पायाला धरून फुकट प्रवास करतो.

खऱ्या विंचवाचं मात्र तसं नाही. आपल्या भागात लाल विंचू आहे, फुरसंही आहे. म्हणून उघड्या हाताने पाचोळा उपसू नका, काठीने सारा. पायात बूट हवेतच.

जात कोणती, हे मोबाइलच्या फोटोवरून सांगायचा मोह टाळा. चिमट्यावरचे संवेदी केस कुठे आणि किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तरी फोटो काढायचाच तर मॅक्रो लेन्स लावून वरून घ्या, दोन्ही चिमटे पूर्ण दिसू देत.

शेताच्या बांधावर कडुलिंब किंवा आंबा असेल तर घरीही जमेल. नरसाळ्यात जाळी, जाळीवर पाचोळा, वर मंद बल्ब, खाली ओल्या कापसाची बरणी. पाचोळा वरून सुकत जातो तसे जीव खाली उतरतात. बघून झालं की त्याच झाडाखाली सोडा.