बुधवारी येऊन जावा

पुण्याच्या मामेभावाने अडगळीतला डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा डबा, मला देऊन टाकला. १९९० च्या आसपासचा, आत फिलिप्सची १६ बिटांची टीडीए१५४१ए चिप. यूएसबी नाही, आत यायला नुसतं कोॲक्सियल (तारेचं) आणि ऑप्टिकल (उजेडाच्या केबलचं). माझ्या कॉम्प्युटरला मागे ऑप्टिकल आउट होतंच. पहिल्याच संध्याकाळी भीमसेनजींचा मारवा लावला आणि जेवायचं राहून गेलं. एरवी हेडफोनच्या भोकातून माउस हलवला की किर्र व्हायचं. ऑप्टिकलमध्ये तारेऐवजी उजेड जातो, त्यामुळे कॉम्प्युटरची विजेची कुरकुर पुढे पोचतच नाही.

दुसऱ्या दिवशी डॅक मुका. आत येणारा सिग्नल पकडला की स्थिर होणारा लॉकचा दिवा नुसता लुकलुकतोय.

नेला दुरुस्तीला. दुकानदाराने वरूनच बघितलं. "चिप उडालीय बगा. पुण्याहून मागवावी लागंल. बुधवारी येऊन जावा." गेलो. पार्ट आला नव्हता. पुढच्या बुधवारी गड्ड्याची जत्रा, माणूस सुट्टीवर. त्यापुढच्या बुधवारी मालक लग्नाला, पोराला काहीच माहीत नाही. रोज यंत्रमागाच्या खडखडाटात ऑफिसातून घरी यायचं आणि पुन्हा त्याच किर्र हेडफोनवर बसायचं. चौथ्या वेळी मी आवाज चढवून मशीन परत मागितलं. तपासणीचे ३०० रुपये घेतलेच! घरी येऊन उलटा केला, तर मामेभावाने खूण म्हणून एका स्क्रूवर लावलेला मामीच्या नेलपॉलिशचा ठिपका जसाच्या तसा. झाकण उघडलंच नव्हतं.

रागाच्या भरात तीच केबल जुन्या सीडी प्लेयरला लावली. दिवा स्थिर, गाणं सुरू. म्हणजे डॅक ठणठणीत, घोळ कॉम्प्युटरात. मग आठवलं: पहिल्याच रात्री मी साउंडच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत जाऊन '२४ बिट, ९६००० हर्ट्झ, स्टुडिओ क्वालिटी' निवडलं होतं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६००० नमुने. जास्त आकडा म्हणजे चांगला आवाज, ही अक्कल माझीच. या डॅकला ३२, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच कळतात; ९६ ला तो लॉकच होत नाही. '१६ बिट, ४४१००' केलं आणि मारवा पुन्हा सुरू. सीडीचा दरही ४४.१ च, त्यामुळे सीडीवरून घेतलेल्या फायलींत विंडोजला दर बदलायचं कारण उरत नाही.

फूबार२००० या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये वासापीचा (विंडोजच्या आवाज बाहेर पाठवायच्या सोयीचा) एक्सक्लुझिव्ह मार्ग घेतलात तर सगळे आवाज एकत्र करणारा विंडोजचा मिक्सर मधे येत नाही, पण मग ९६ ची फाइल लावली की पुन्हा मुकं. त्यासाठी त्यातलंच रिसॅम्पलर, म्हणजे दर बदलून देणारं, लावून ठेवा. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: नव्या ऑप्टिकल केबलच्या टोकाला बारीक टोपी असते, ती काढा. मी पहिल्या दिवशी दहा मिनिटं तशीच खुपसत होतो. केबल दुमडूही नका. परदेशातून आलेलं मशीन असेल तर मागचा व्होल्टेज आकडा वाचल्याशिवाय २३० ला लावू नका. तीस वर्षांचे कपॅसिटर मात्र खरंच सुकतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच. ते बदलायला लागले तर समजू शकतो. पण चिप गेली म्हणाले तर आधी सीडी प्लेयर लावून बघा. या चिपचं उत्पादन कधीच बंद झालंय आणि बाजारात नकली पुष्कळ आहेत.

परवा दुकानातून फोन आला. "चिप आलीय, बुधवारी येऊन जावा."