ओला टॉवेल आणि तेरावा अध्याय

आमच्या लग्नाच्या उपासनेत बायबलमधला जो शास्त्रभाग वाचला गेला, तो पुष्कळ ख्रिस्ती जोडप्यांपुढे वाचला जातो तोच: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १३. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे..." मी तेव्हा भक्तिभावाने ऐकत होतो असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. अंगठी खिशातच आहे ना, हे चाचपण्यात माझा सगळा जीव गुंतला होता.

तो अध्याय नीट वाचला बऱ्याच वर्षांनी, आणि तोही भांडणानंतर. भांडण ओल्या टॉवेलवरून होतं. पलंगावर तो कोणी टाकला होता, हे इथे मुद्दामच सांगत नाही. अर्ध्या तासात टॉवेल बाजूला राहिला आणि आम्ही सात वर्षं मागे जाऊन पोचलो. "तेव्हाही तू असंच केलं होतंस," हे वाक्य एकदा तोंडातून निघालं की संसारातली सगळी जुनी बाडं आपोआप सुटतात. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. तारीख, वार, ती काय म्हणाली, कोणत्या सुरात म्हणाली, सगळं हजर. मी काय म्हणालो होतो, ते मात्र तितकंसं आठवत नव्हतं.

त्या रात्री शास्त्र उघडलं ते तिला ऐकवता येईल असं एखादं वचन सापडावं म्हणून. (उगाच सोवळेपणा कशाला, शास्त्र या कामासाठीही उघडलं जातं.) सापडलं ते हे: प्रीती "अपकार स्मरत नाही".

मी खचलोच. स्मरायचं नाही म्हणजे काय? आठवण काय आपल्याला विचारून येते? झालेली गोष्ट झालीच नव्हती असं धरून चालायचं, तर ते सोंग झालं, प्रीती कसली!

पुढे एका अभ्यासवर्गात कळलं की मूळ ग्रीकमधलं तिथलं क्रियापद आहे लोगिझोमाय, आणि ते हिशोबाच्या भाषेतलं आहे. मोजणे, खात्यावर धरणे. मला हायसं वाटलं. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल विसरायला सांगत नव्हता, मांडून ठेवू नका म्हणत होता. आठवण येईल तशी येवो, तिची थकबाकी करायची नाही. पण हायसं वाटणं फार टिकलं नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ५व्या अध्यायात पौल हेच क्रियापद देवासाठी वापरतो: ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करताना देवाने माणसांचे अपराध त्यांच्या खात्यावर धरले नाहीत. देवाने माझी जी वही मिटली, तसलीच एक मी बायकोच्या नावाने उघडून बसलो होतो. तीही टॉवेलसाठी!

गंमत म्हणजे हा अध्याय लग्नासाठी लिहिलेलाच नाही. इसवी सन ५५च्या आसपास ग्रीसमधल्या करिंथ शहरातली ख्रिस्ती मंडळी आपसात भांडत होती. एकमेकांना न्यायालयात खेचणं चालू होतं. येशूच्या आठवणीच्या भोजनाला, प्रभुभोजनाला, जमावं तर एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला. देवाने दिलेलं तुझं कृपादान मोठं की माझं, यावरून चुरस होती ती वेगळीच. अशा लोकांना एका बायको नसलेल्या माणसाने हे लिहिलं. मला तर हा अध्याय वेदीवरच्या फुलांपेक्षा खरकट्या भांड्यांशेजारी जास्त शोभतो असं वाटतं. आपण "सहनशील आहे" वाचतो, तिथे ग्रीकमध्ये विशेषण नाही, क्रियापद आहे: धीर धरते. 'आहे' म्हटलं की गुण भिंतीवर टांगता येतो. 'धरते' म्हटलं की विचारावं लागतं, कधी? आज सकाळी धरला होता का?

एक गोष्ट मात्र स्पष्टच बोलतो. मार खाणाऱ्या बाईला "अपकार स्मरू नकोस" असं सांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी लगेच पुढचं वचनही वाचावं. प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यासंबंधी आनंद मानते. टॉवेल आणि थप्पड एका वहीत बसत नाहीत.

तर मी वही मिटली. काही महिने घरात छान शांतता होती. मग लक्षात आलं की मी गुपचूप दुसरी वही सुरू केली आहे. तिच्यात बायकोच्या चुका नव्हत्या, माझी क्षमा होती. आज मी काही बोललो नाही. कालही गप्प बसलो. परवा तर चूक तिची असून मीच आधी "सॉरी" म्हणालो. जमेची बाजू नुसती फुगत चालली होती, आणि एक दिवस ही सगळी रक्कम व्याजासकट वसूल करायची, असं मनात कुठेतरी ठरलेलंही होतं. "बढाई मारत नाही, फुगत नाही" हे शब्द त्याच अध्यायात, वहीच्या वचनाच्या अगदी जवळ आहेत. मी त्यांच्यावरून सरळ पुढे गेलो होतो.

ही दुसरी वही मिटणं पहिलीपेक्षा अवघड जातं आहे. पहिली निदान वाईट दिसते. हिला पुण्याचा वास येतो.

परवा टॉवेल पुन्हा पलंगावर दिसला. मी एक शब्द बोललो नाही. उचलला, झटकला, दोरीवर नीट पसरून टाकला. आणि परत येताना, काही कारण नसताना, घसा खाकरलाच.

आतून तिचा आवाज आला, "कोणत्या खात्यात मांडू?"