स्टार्टरच्या पेटीतला नंबर

आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान तासगावात आहे. मोटार दुरुस्त करून विहिरीवर बसवली की अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडायचे आणि आतल्या बाजूला ऑइलपेंटनं आपला मोबाईल नंबर लिहायचे. बाहेरून लिहिलेला उन्हापावसात उडतो, आतला वर्षानुवर्षं टिकतो. रात्रपाळीच्या लाईटला मोटार जळाली की शेतकरी बॅटरी मारून पेटी उघडतो आणि समोर दिसेल तो नंबर लावतो. मोबाईलमध्ये नाव शोधत बसत नाही.

आता दुकान मी बघतो. अण्णांना ऐकू कमी येतं, बटणाचा फोन चार्जिंगला लावायचं राहून जातं. माझ्या फोनमध्ये दोन सिम आधीच आहेत, एक घरचं, एक दुकानाचं नवं. त्यात जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि अण्णांच्या सिमचा 28 दिवसांचा रिचार्ज दोनशेच्या घरात गेला. 28 दिवसांच्या हिशेबानं वर्षात 13 रिचार्ज होतात, म्हणजे अडीच हजार. आत्याचा मुलगा म्हणाला, "बंद करून टाक, नवा नंबर सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप कर." मी बंद केला नाही, पण एकदा रिचार्ज लांबवला.

नेमका द्राक्षांचा हंगाम होता. पुढच्या आठवड्यात बाजारात एक जुने गिऱ्हाईक भेटले. म्हणाले, "अण्णांचा फोन लागंना. आमाला वाटलं, अण्णा गेलं का काय." त्यांनी मोटार दुसरीकडे टाकली होती, पण मला लागलं ते त्यांचं दुसरं वाक्य. त्याच संध्याकाळी मी नंबरच्या मागे लागलो.

पहिलं कळलं ते 20 रुपयांचं. प्रीपेड सिम वापरात नसलं तरी खात्यात 20 रुपये असतील तर नंबर लगेच जात नाही, तेवढे कापून 30 दिवस पुढे ढकलला जातो, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. पण त्यानं नंबर नुसता जिवंत राहतो. अण्णांच्या नंबरवरचा कॉल दुकानाच्या नंबरवर वळवायचा, म्हणजे डायव्हर्ट करायचा, तर चालू पॅक लागतोच, कारण वळवलेला कॉल हा जुन्या सिमवरून केलेला कॉल धरला जातो. शेतकरी आपल्याला लावतो तो एक कॉल, आणि आपलं सिम पुढे लावतं तो दुसरा.

मग बीएसएनएलचा वर्षभराचा पॅक दिसला, बाराशेच्या आत, महिन्याला 300 मिनिटं. आमच्या घरात त्यांची रेंज एकच काडी, म्हणून आधी नको वाटलं. नंतर डोक्यात उजेड पडला. सगळे कॉल डायव्हर्ट असले की ते कंपनीच्या यंत्रणेतूनच वळतात, जुना फोन बंद असला तरी चालतं. रेंज लागते ती नव्या नंबरला. म्हणजे ज्या कारणासाठी मी स्वस्त पॅक सोडत होतो, ते कारणच उरलं नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, म्हणजे पोर्ट करायचं ठरवलं. अण्णांच्या फोनवरून इंग्रजीत पोर्ट, जागा सोडून नंबर, असा मेसेज 1900 ला पाठवला. पॅक संपलेला असतानाही तो गेला. आठ अक्षरी कोड आला, तो 4 दिवस चालतो. सिम अण्णांच्या नावावर, त्यामुळे त्यांना गाडीवर बसवून न्यावं लागलं. बीएसएनएलच्या काउंटरवर अंगठा काही उठेना. चाळीस वर्षं तांब्याची तार ओढून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या मुलीनं ओल्या रुमालानं पुसून एकेक बोट लावून बघितलं, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. अण्णा काउंटरवर हात पसरून शांत उभे होते. त्या हातांकडे मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जुनं सिम मेलं, नवं घातलं. एप्रिल 2024 पासून दूरसंचार विभागानं *401# वाली डायव्हर्टची सेवा थांबवायला लावली आहे, कारण भामटे लोकांकडून तो कोड दाबून घेऊन त्यांचे ओटीपीचे कॉल स्वतःकडे वळवत होते. तुम्हालाही कुणी फोनवर असा कोड दाबायला सांगितला तर दाबू नका. मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'नेहमी डायव्हर्ट' निवडलं आणि दुकानाचा नंबर टाकला. मग शेजारच्या तिघांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवरून लावून बघितला. तिन्ही वेळा दुकानाचा फोन वाजला, आणि स्क्रीनवर लावणाऱ्याचाच नंबर दिसला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, मेसेज वळत नाहीत. अण्णांच्या बँकेचा ओटीपी त्यांच्या नंबरच्या सिमवरच येतो. म्हणून अण्णांचा फोन माडीवर खिडकीत ठेवलाय, तिथं रेंज बरी आहे. दर रविवारी चार्ज करतो.

परवा रात्री दीडला फोन आला. "अण्णा, मोटार धरंना बगा." मी म्हणालो, "अण्णांचा पोरगा बोलतोय, काका. मोटार बंद करा, सकाळी सातला येतो." सकाळी निघताना अण्णांनी विचारलं, "कुणाची? किती एचपीची?" मी कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी कपाटातनं ऑइलपेंटचा डबा काढून दिला. म्हणाले, "झाकणाच्या आतला नंबर पुसट झाला असंल, गिरवून ये."