वाटेत फ्रीजचा गॅस भरला, बिघाड होता फ्यूज होल्डरमध्ये: पुणे ते दिवेआगर, गाडीतल्या फ्रीजसह

काल रात्री साडेअकराला चांदणी चौकातून कोथरूडला उतरलो. बॅगा अजून गाडीतच आहेत. तरी आधी हे लिहायला बसलो, कारण सुट्टीत बरेच जण आपापली कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी केलेली गाडी) घेऊन कोकणात उतरतील आणि आमच्यासारखेच ३,८०० रुपये घालवून बसतील. पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आमच्या फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन होतं.

ज्यांनी ट्रॅव्हलर किंवा तशीच गाडी कॅम्पर करून घेतली आहे आणि दुसरी बॅटरी, सोलर, इन्व्हर्टर हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचा फ्रीज ४० लिटरचा, कॉम्प्रेसरवाला, १२ व्होल्टवर आणि घरच्या २३० वर चालणारा. मागे १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी. गाडी बनवून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, दोन रात्री बिनधास्त चालेल." हे साफ चूक आहे. असा फ्रीज चालू असताना ४ ते ५ अँपिअर घेतो. कोकणातल्या मे महिन्यात कॉम्प्रेसर निम्मा वेळ तरी चालतो, म्हणजे २४ तासांत पन्नासेक अँपिअर-अवर गेले. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं. म्हणजे हिशोबाने एक रात्र, तीही बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर.

निघायच्या आदल्या रात्री गाडी घरच्या विजेवर लावली, फ्रीज ४ अंशांवर आणला, घरच्या फ्रीजमधलं गार सामानच त्यात भरलं. हे सगळ्यांनी करावं. कोमट दूध आणि भाज्या भरून फ्रीज बॅटरीवर सोडला तर पहिल्याच दिवशी बॅटरी बसते.

पौड, मुळशी, ताम्हिणीपर्यंत काही तक्रार नाही. मग घाट उतरताना विळ्याच्या अलीकडे उखडलेला रस्ता लागला. किती किलोमीटर होता ते मोजलं नाही, पण पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये होतो. नुसते खड्डे असते तर चाललं असतं. खडी पसरलेली, मध्येच डांबराचा उंच तुकडा, मध्येच चर. मागच्या कपाटातली भांडी खाली आली. आई दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. मुलीला उलटी झाली. त्या पट्ट्यावरून फ्रीजवाली गाडी न्यायची असेल तर ताशी १५ च्या वर जाऊ नका, आणि खाली उतरल्यावर थांबून सगळी वायरिंग हाताने चाचपा. आम्ही ते केलं नाही. पुढच्या वेळी मी खोपोली, पाली, वाकणवरून जाईन, वेळ जास्त लागला तरी.

निजामपूरला चहाला थांबलो तेव्हा आईने फ्रीज उघडला. म्हणाली, "अरे, हे गार लागत नाहीये." आतला थर्मामीटर ११ दाखवत होता. कॉम्प्रेसर काही सेकंद गुणगुणायचा, मग टक् करून गप्प. मिनिटभराने पुन्हा तेच. मागच्या जाळीतून पाहिलं तर एक लहान लाल दिवा एकेकदा लुकलुकत होता. तिथेच सगळं उत्तर होतं, पण मला तेव्हा ती खूण वाचता येत नव्हती.

पुढे हायवेला एक फ्रीज-एसी दुरुस्तीवाला मिळाला. त्याने आतल्या प्लेटला हात लावला आणि सांगितलं, "गॅस संपलाय दादा." मी विचारलं, दीड वर्षाच्या फ्रीजचा गॅस कसा संपेल? म्हणाला, "खड्ड्यांनी जातो." फ्रीज कपाटातून ओढून काढला, दुकानातल्या २३० च्या प्लगला लावला, तांब्याच्या नळीला पिन व्हॉल्व्ह ठोकला आणि मीटरकडे बघत गॅस सोडला. अर्ध्या तासात प्लेटवर पांढरा बर्फ धरला. "बघा, झाला ना गार?" ३,८०० रुपये. पावती नाही. फ्रीज परत कपाटात बसवून तो हसतमुखाने मोकळा झाला.

आता नीट वाचा, कारण फसवणूक किंवा अज्ञान, जे काही असेल ते, इथे आहे. फ्रीज त्याच्या दुकानाच्या विजेवर गार झाला. गॅस भरायच्या आधी त्याच प्लगला लावून पंधरा मिनिटं थांबला असता, तरी तो गारच झाला असता. असल्या फ्रीजची गॅसची यंत्रणा कारखान्यात सील केलेली असते. गळती नसेल तर गॅस कमी होत नाही, आणि गळती असेल तर ती बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरून उपयोग नाही. त्याने गळती शोधलीच नाही. साबणाचं पाणीसुद्धा लावलं नाही.

म्हणून पहिली चाचणी हीच. बॅटरीवर चालत नसेल तर घरच्या विजेवर लावा. तिथे गार झाला तर गॅस ठीक आहे, कॉम्प्रेसर ठीक आहे, आणि दोष बॅटरीत किंवा बॅटरी ते फ्रीज या वाटेवर आहे. त्यानंतर कोणालाही नळीला हात लावू देऊ नका.

दिवेआगरला एका नारळ-सुपारीच्या वाडीत गाडी लावली. रात्री दहाला थर्मामीटर १४ वर. इन्सुलिनची दोन न उघडलेली पेनं होती. ती २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. वाडीच्या मालकीणबाईंनी बर्फ दिला. थर्मासमध्ये खाली बर्फ, वर पंचाची घडी, त्यावर पेनं. बर्फाला थेट टेकवू नका, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. फ्रीज चालू असतानाही ते मागच्या प्लेटला चिकटवून ठेवू नये, ते याच कारणाने. वापरात असलेलं पेन साधारण ३० अंशांच्या आत काही आठवडे बाहेर चालतं, पण किती, ते प्रत्येक प्रकाराचं वेगळं असतं. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. मी रात्री साडेदहाला फोन करून त्यांना उठवलं, त्याचं वाईट वाटतं. रात्रभर दर दोन तासांनी उठून बर्फ बघत होतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीत ४०० रुपयांना घेतलेला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) सकाळी काढला. वर्षभर डब्यात पडून होता. बॅटरीच्या टोकांवर १२.४. फ्रीजच्या प्लगमध्ये, कॉम्प्रेसर बंद असताना, १२.३. इथे कोणीही म्हणेल की वायरिंग उत्तम आहे. पण व्होल्टेज भार असताना मोजायचं असतं. दोन्ही सुया धरून थांबलो. कॉम्प्रेसर गुणगुणायला लागला आणि आकडा उतरला: ११.६, १०.८, १०.१, टक्. लगेच पुन्हा १२.३. लाल दिवा एकदा लुकलुकला. फ्रीजचं पुस्तक उघडलं. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा तर पंख्याला जास्त करंट, तीनदा तर कॉम्प्रेसर सुरू होत नाही, चारदा तर तो पुरेसा वेग पकडत नाही, पाचदा तर कंट्रोलर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारं सर्किट) तापलाय. आमच्या फ्रीजचा कंट्रोलर १०.४ ला कॉम्प्रेसर बंद करतो, ११.७ ला पुन्हा चालू होऊ देतो. बॅटरी मरू नये म्हणून ठेवलेली ती सोय आहे. बॅटरीत वीज होती, ती फ्रीजपर्यंत पोचत नव्हती.

मग वायर धरून मागे मागे गेलो. सीटखाली काचेच्या फ्यूजचा स्प्रिंगवाला होल्डर होता. बोट लावलं तर चटका बसला. उघडला तेव्हा आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन फ्यूजच्या टोपीला चिकटलं होतं, स्प्रिंग काळी आणि मऊ पडलेली. घाटातल्या दणक्यांनी स्प्रिंग सैल झाली, सैल जोडावर उष्णता झाली, उष्णतेने ती आणखी सैल झाली. त्यापुढची वायर दीड स्क्वेअर एमएमची, लांबी पाच मीटर. जाऊन-येऊन दहा मीटर धरली तर ५ अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त नुसत्या वायरीत जातो. आणि शेवटी सिगारेट लाइटरचं सॉकेट, जे खड्ड्यात हलतंच. गाडी बनवणाऱ्याने पडदे, एलईडी पट्ट्या, पॉलिश यांचे भरपूर पैसे घेतले आणि जिथे जाड वायर हवी तिथे घरातल्या दिव्याची वायर टाकली. याचा मला खरंच राग आहे.

बोर्ली पंचतनला हार्डवेअरच्या दुकानात गाडीची जाड वायर मिळाली नाही, पण सबमर्सिबल पंपाची चपटी तीन पदरी केबल मिळाली, चार स्क्वेअर एमएमची. कोकणात कुठेही मिळेल, लक्षात ठेवा. एक पदर प्लसला, दोन एकत्र करून मायनसला. पात्याच्या फ्यूजचा (ब्लेड फ्यूजचा) होल्डर शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून घेतला, १५ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या अगदी जवळ. सॉकेट काढून टाकलं, टोकांना लग (धातूची कडी) दाबून थेट स्क्रूचा जोड. फ्यूजशिवाय थेट वायर जोडायचा मोह होईल, तो टाळा. प्लायवूडच्या गाडीत शॉर्ट झाला तर आग लागते.

फ्रीज सुरू केला. चालू भारावर फ्रीजपाशी १२.१. दोन तासांत ५ अंश. आई काही बोलली नाही, फक्त थर्मास धुऊन पालथा घातला.

पुढचे दोन दिवस चांगले गेले. शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्याचा रस्ता सुंदर आहे, त्यावर इतरांनी लिहिलंय.

वाडीत शेजारी ठाण्याच्या एका कुटुंबाची कॅरॅव्हॅन होती. त्यांचा फ्रीज वेगळा, कॉम्प्रेसर नसलेला, अमोनियावर चालणारा. त्याला १२ व्होल्ट, २३० आणि एलपीजी तिन्ही चालतं. तोही गार होत नव्हता. त्यात पंप नसतो. उष्णतेने अमोनिया उकळतो आणि द्रव आपल्या वजनाने परत खाली वाहतो, म्हणून गाडी सपाट लागते. त्यांची गाडी समुद्राच्या बाजूला चांगलीच कललेली होती. दोन चाकांखाली फळ्या सरकवल्या, पातळी-नळी ठेवून बघितली, संध्याकाळपर्यंत फ्रीज गार. तो तसाच बरेच दिवस तिरका चालवला तर आतली नळी कायमची चोंदते. अमोनियाचा वास आला किंवा मागे पिवळी पूड दिसली तर संपलं, पूर्ण युनिट बदलावं लागतं आणि त्या पुडीला हात लावायचा नाही. हा फ्रीज १२ व्होल्टवर फक्त इंजिन चालू असताना चालवा. दहा-पंधरा अँपिअर सतत खातो, रात्रीत बॅटरी संपवेल. आणि पेट्रोल पंपावर किंवा जंगल जेटीवर (गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर) गाडी चढवायच्या आधी गॅसची ज्योत बंद करायचीच.

आता त्या ३,८०० च्या गॅसचं. परत येताना कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या नळीवर बाहेरूनच बर्फ धरायला लागला आणि प्लायवर पाणी ठिबकायला लागलं. मूळ गॅस होताच, वर आणखी ओतला. आज दुपारी पुण्यात एका जाणत्या माणसाकडे फ्रीज नेला. त्याने मागचं स्टिकर मला वाचायला लावलं: आर-१३४ए, ४५ ग्रॅम. पंचेचाळीस ग्रॅम! हे मीटरकडे बघून अंदाजाने भरायचं काम नाही. त्याने सगळा गॅस काढला, व्हॅक्यूम मारला, काट्यावर मोजून भरला, पिन व्हॉल्व्ह काढून नळी चेपून ब्रेझिंगने बंद केली. २,५०० रुपये, पावतीसह. स्टिकरवर आर-६००ए असेल तर तो गॅस पेटणारा आहे, अशा फ्रीजजवळ रस्त्यावरच्या कोणालाही ब्रेझिंगची ज्योत पेटवू देऊ नका.

त्यानेच आणखी एक दाखवलं. आमच्या कपाटाला मागून हवा जायला जागाच नव्हती. गरम हवा तिथेच फिरत होती. खाली एक आणि वर एक जाळी उद्या सुताराकडून कापून घेणार आहे.

आईची ती दोन पेनं डॉक्टरांनी बदलायला सांगितली, बदलली. या आठवड्यात निघणाऱ्यांनी आजच सीटखाली हात घालून फ्यूज होल्डर उघडा. काचेचा, स्प्रिंगवाला असेल तर तो चालू असला तरी काढून टाका. पात्याचा होल्डर आणि पाच मीटर जाड वायर पुण्यात नाना पेठेत मिळते, अर्ध्या दिवसाचं काम आहे.